पत्ता : बैलघोडा हॉस्पिटल

परळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोअर परळच्या ऑफिसवाल्यांना विचाराल तर उत्तर ठरलेलं. मॉल, काचेचे टॉवर, लंच अवरला ओसंडून वाहणारे कॅफे आणि संध्याकाळी सव्वासहाला स्टेशनच्या जिन्यावर लागणारी ती महाभयंकर लाइन! पण रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, एक वेगळंच परळ आहे. ते आहे हॉस्पिटलांचं गाव. केईएम (1926), टाटा मेमोरियल (1941), वाडिया, गांधी हॉस्पिटल, हाफकिन... दर दोन मिनिटांनी एक फाटक. फाटकाबाहेर एक शहाळेवाला, एक केमिस्ट, एक झेरॉक्सवाला आणि एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत मारून पत्ता विचारणारं कुणीतरी. याच गावात एक हॉस्पिटल असं आहे, जिथले पेशंट बोलत नाहीत. ते भुंकतात, हंबरतात, गुरगुरतात आणि बऱ्याचदा नुसते बघत बसतात.

टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अॅनिमल्स' असं सांगून बघा. तो आरशातून तुमच्याकडे बघेल, तुम्ही त्याच्याकडे. मग 'बैलघोडा' म्हणा... मीटर डाऊन! लालबाग-परळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या या जागेचं हेच नाव आहे. आजीला माहीत असलेलं नाव, बसमधल्या शेजारणीला माहीत असलेलं नाव. बोर्डावरचं नाव फक्त बोर्डालाच माहीत!

आता मी तिथे कशाला कडमडले? माझ्याकडे ना कुत्रा, ना मांजर. भाड्याच्या घरात मनीप्लांट ठेवायलाही आमचे घरमालक दोनदा विचार करतात. पण ऑफिसातल्या आम्हा तिघांच्या डोक्यात सध्या एक किडा वळवळतोय. घरच्या प्राण्याला परवडेल असा डॉक्टर शोधून देणारं अॅप! एक जण कोड लिहिणार, एकजण पैशांचं बघणार आणि डिझाइन माझ्याकडे. किडा शिरला तो गेल्या पावसाळ्यात. कोड लिहिणाऱ्याच्या देशी कुत्रीला गोचिडांमुळे ताप आला. चार दिवसांत तीन क्लिनिक झाली आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे. सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात चक्क तिपटीचा फरक! कुठलाच आकडा आधी कुणी सांगितला नव्हता. कुत्री ठणठणीत बरी झाली, पण महाशयांचं क्रेडिट कार्ड अजून आजारी आहे.

तर अॅप करायचं ठरलं. एसीत बसून व्हाइटबोर्डवर चौकोन काढायचे की आधी जिथे लोक खरंच जनावरं घेऊन जातात तिथे जाऊन बसायचं? मी दोन शनिवार परळला दिले. ऑफिसपासून चालत पंचवीसेक मिनिटं.

आधी थोडा इतिहास, कारण तो सॉलिड आहे. 1874 साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी सोसायटी स्थापन झाली. योगायोग असेल, पण किती बोलका! हे शहर तेव्हा शब्दशः जनावरांच्या जिवावर चालायचं. ट्राम घोडे ओढायचे, कापसाच्या गाठी बैल ओढायचे आणि दूध गोठ्यांतून यायचं. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी 1880च्या दशकात पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचं हॉस्पिटल उभारलं. मागोमाग 1886 मध्ये शेजारीच बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आलं. देशातल्या सगळ्यात जुन्या पशुवैद्यक कॉलेजांपैकी हे एक. आज ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. म्हणजे 'बैलघोडा' हे काही गमतीत पडलेलं नाव नव्हे. ती पेशंटांची यादी होती! 1907 मध्ये विजेच्या ट्राम आल्या, पुढे टेम्पो आले, 2015 साली हायकोर्टाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. बैल गेले, घोडे जवळजवळ गेले. नाव मात्र जागच्या जागी आहे.

(याहून जुनी कथा भुलेश्वरच्या पांजरापोळची. 1832 मध्ये कंपनी सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळींनी रस्त्यावर उतरून दंगल केली होती. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांनी पांजरापोळ उभं केलं. भटक्या कुत्र्यांवरून कडाकडा भांडायची मुंबईची सवय दोनशे वर्षं जुनी आहे, हे सोसायटीच्या पुढच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये बिनधास्त सांगा.)

डॉ. एस. एस. राव रोडवर फाटकातून आत शिरलात की पहिल्यांदा काय जाणवतं? मोकळी जागा! परळमध्ये, जिथे स्क्वेअर फुटाचे दर ऐकून घेरी येते, तिथे झाडं आणि अंगण. मग वास. फिनेल, ओलं गवत आणि ओल्या कुत्र्याचा तो टिपिकल वास. मग आवाज. आणि मग माणसं. खरं सांगू का, मी प्राणी बघायला गेले होते, पण दोन शनिवार बघितली ती माणसं.

शिह-त्झू कुत्रा कडेवर घेतलेलं एक तरुण जोडपं. दोघांच्याही गळ्यात ऑफिसची लेस तशीच. त्यांच्या शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेला गल्लीतला कुत्रा मांडीवर घेऊन बसलेली काळाचौकीची एक ताई. हा कुत्रा तिचा नाही, 'आमच्या बिल्डिंगखालचा' आहे. रिक्षाने आणला, पैसे तिघींनी मिळून काढलेत. पंखात मांजा अडकलेलं कबुतर बुटांच्या खोक्यात घेऊन आलेली दोन पोरं. कुणी कुणाला ओळखत नाही, पण अर्ध्या तासात सगळ्यांना सगळ्यांचे आजार पाठ! शिह-त्झूवाली चादरवाल्या ताईला पाण्याची बाटली देते, ताई कबुतरवाल्या पोरांना खोक्याला भोकं पाडायला सांगते. मॉलच्या लिफ्टमध्ये ही तिघं एकमेकांकडे बघतील का? डाऊटफुल.

आणि एक मावशी. लालबागला चार घरी पोळ्या-भाजी करते. भाजीच्या जाळीच्या टोपलीत बोका, टोपलीवर दुसरी टोपली उपडी, दोन्ही नाडीने बांधलेल्या. कोणत्याही ब्रॅण्डेड कॅरियरपेक्षा भक्कम! बोका दोन दिवस सारखा मातीत जाऊन बसतोय, जोर लावतोय, पण लघवीचा थेंब नाही. मावशीला आधी वाटलं बद्धकोष्ठ. मग तिने घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. तिथे अॅडमिट करायला सांगितलं आणि 15 हजार आधी भरायला सांगितले.

"पंधरा हजार माझा दोन महिन्याचा एका घरचा पगार आहे गं बाळा," ती म्हणाली. "नाही म्हणाले असते तर वेगळं. पण किती लागतील ते आधी सांगा म्हटलं तर म्हणे बघावं लागेल. बघायचे वेगळे, भरायचे वेगळे."

मग शेजारणीने सांगितलं, बैलघोड्याला जा.

हे वाचणाऱ्या तमाम बोकेवाल्यांनो, एक मिनिट थांबा. बोक्याची लघवी अडकणं ही जीवघेणी इमर्जन्सी आहे. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाळ त्यात अडकला की मूत्राशय फुगतं, रक्तात विष चढायला लागतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. दिवस-दोन दिवसांत खेळ खल्लास. बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये जाऊन कण्हत असेल आणि ट्रे कोरडा असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि स्वतःच्या डोक्याने क्रोसिन तर अजिबात नाही! मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे सरळ विष, अर्धी गोळीसुद्धा.

मावशीचा नंबर लवकर लागला, कारण रांगेतल्या ताईनेच आत जाऊन सांगितलं की याचं आधी बघा. बोक्याला नळी घातली. तासाभराने मावशी बाहेर आली ती रिकामी टोपली घेऊन. माझ्या पोटात गोळा! पण बोक्याला आतच ठेवून घेतलं होतं. "मुतला मेला एकदाचा," ती म्हणाली आणि तिथेच कट्ट्यावर बसून घळाघळा रडली. मग डोळे पुसून सात वाजताच्या पोळ्यांसाठी निघून गेली.

मी वही उघडली. व्हाइटबोर्डवर आमच्या अॅपच्या पहिल्या स्क्रीनवर काय होतं? नकाशा, पिना, तारे आणि 'स्वस्त ते महाग' अशी लावणी. हॉटेल शोधायच्या अॅपचाच फण्डा. मावशीने हे उघडलं असतं तर काय झालं असतं? सगळ्यात स्वस्त पिन दिसली असती, ती तिथे गेली असती, आणि तिथे नळी घालायची सोयच नसती तर? म्हणून आता पहिली स्क्रीन डॉक्टर दाखवतच नाही. ती विचारते, काय होतंय? लघवी बंद, श्वास लागलाय, फिट आली, पोट फुगलंय, विषारी काही खाल्लं... यातलं काहीही दाबलं की पैशांचा फिल्टर गायब. फक्त या क्षणी उघडं असलेलं जवळचं ठिकाण आणि मोठं फोनचं बटण. किंमत नंतर.

दुसरा मुद्दा 'किती लागतील' या प्रश्नाचा. सगळे जण कन्सल्टेशनची फी विचारतात. पण खरी गंमत फीमध्ये नसतेच! कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो झाला असं समजा. रक्ताचे जुलाब, उलट्या. या विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन, उलट्यांचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि वाट बघणं, असे चार-पाच दिवस, कधी आठवडा. फी एकदा, पण सलाइन रोज. त्यात रोजचं टॅक्सीचं जाणं-येणं, कारण उलट्या करणाऱ्या पिल्लाला घेऊन तुम्ही विरार फास्टमध्ये चढणार नाही. शिवाय ऑफिसातल्या सुट्ट्या. "पिल्लू आजारी आहे" म्हणून रजा मागणारा मेल किती जणांनी बिनधास्त पाठवलाय, हात वर करा! तेव्हा आमच्या स्क्रीनवर आता तीन ओळी आहेत : आज अंदाजे किती, मग रोज किती, असे दिवस किती. नेमका आकडा कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही आणि तो मागणंही अन्याय आहे. तपासल्याशिवाय त्याला तरी काय कळणार? पण 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' हे सांगता येतं. आणि ते दार उघडायच्या आधी सांगितलं, तर माणूस शरमेने मान खाली घालून बाहेर पडत नाही.

तिसरं, सर्चच्या चौकोनात 'बैलघोडा' टाइप केलं की हे हॉस्पिटल आलंच पाहिजे. मराठीत, इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगमध्ये, कसंही! आमचा कोडवाला म्हणाला, एका नावासाठी एवढा खटाटोप? म्हटलं, मावशीला आलेलं इंग्रजी स्पेलिंग तू मला दाखव, मग बोलू.

चौथं, डॉक्टरच्या नावाखाली नोंदणी क्रमांक. 1984च्या कायद्यानुसार जनावरांवर प्रॅक्टिस करणाऱ्याची व्हेटर्नरी कौन्सिलकडे नोंदणी हवी. आपण टीव्हीची वॉरंटी वाचतो, हे कधी बघतो का? शिवाय ससा, कासव, पोपट कोण बघतं तेही. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पोपट बघतोच असं नाही.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग दुसऱ्या शनिवारी शिह-त्झूच्याच जातीचं दुसरं पिल्लू घेऊन एक जण आला. पायात ब्रॅण्डेड शूज, बाहेर उभी कार. लसीसाठी आला होता आणि वैतागला होता. "इथे स्वस्त पडतं म्हणून आलो, पण किती हा वेळ!" त्याच्या मागे एक आजोबा उभे होते, पाय ओढणारी म्हातारी कुत्री दोरीने धरून.

त्या क्षणापासून माझ्या डोक्यात भुंगा आहे. आमचं अॅप हिट झालं आणि हजारो जणांना 'परवडणारं' म्हणून याच फाटकाकडे पाठवायला लागलं, तर? धर्मादाय हॉस्पिटलची रांग रबराची नसते. माझ्यासारख्या पगारदाराने तिथे वाचवलेले पाचशे रुपये म्हणजे कुणातरी मावशीचा वाढलेला एक तास. आणि मावशीच्या बोक्याकडे तो एक तास असेलच असं नाही. आम्ही तिघं यावरून जाम भांडलो. पैशांचं बघणारी म्हणाली, कुणी कुठे जावं हे ठरवणारे आपण कोण? बरोबर आहे. पण कोणती पिन सगळ्यात वर दाखवायची हे आपणच ठरवतो ना? ती वर ठेवणं म्हणजेच ठरवणं!

सध्याचा तह असा : लस, जंताचं औषध, नखं कापणं अशा साध्या कामांना अॅप आधी घराजवळचं साधं क्लिनिक दाखवतं. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायच्या, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या आसपास, मग दरवर्षी. हे गल्लीतला नोंदणीकृत डॉक्टर उत्तम करतो. आणि पार्व्होची लस ही पार्व्होच्या सलाइनपुढे किस झाड की पत्ती! मोठ्या धर्मादाय ठिकाणांची पिन मोठ्या आजारांना वर येते. तहावर अजून सह्या झालेल्या नाहीत, असो.

परळहून महालक्ष्मी काही लांब नाही. त्याच दुपारी तिकडेही चक्कर मारली. टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अॅनिमल हॉस्पिटल 1 जुलै 2024 रोजी सुरू झालं. पाच मजले, सुमारे 98 हजार स्क्वेअर फूट, 165 कोटींचा खर्च. बैलघोडा म्हणजे अंगण असेल तर हे म्हणजे एअरपोर्ट! रतन टाटांनीच सांगितलं होतं की एकदा आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या उपचारासाठी त्यांना थेट अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात जावं लागलं होतं आणि तोवर उशीर झाला होता. मुंबईत असं काही हवं, हे तेव्हापासून मनात. हॉस्पिटल उघडल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत, 9 ऑक्टोबर 2024 ला ते गेले.

पण मला त्यांची एक इन्स्टाग्राम पोस्ट जास्त आठवते. 2024च्या जूनमधली. या हॉस्पिटलात दाखल असलेल्या सात महिन्यांच्या पिल्लाला रक्त हवं होतं. गोचिडांच्या तापाचा संशय आणि जीवघेणा अॅनिमिया. मुंबईकरांनो मदत करा, असं आवाहन. रक्तदात्या कुत्र्यासाठी अटीही दिल्या होत्या : वय एक ते आठ वर्षं, वजन 25 किलो किंवा जास्त, सगळ्या लसी झालेल्या, मोठा आजार नाही, गेल्या सहा महिन्यांत गोचीड-ताप नाही. विचार करा. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगपतीलाही कुत्र्याच्या रक्तासाठी पोस्ट टाकावी लागली! माणसांसारखी रक्तपेढी कोपऱ्याकोपऱ्यावर नाही. ती पोस्ट म्हणजे आमच्यासाठी तयार स्क्रीन होती. तुमच्या धष्टपुष्ट लॅब्रेडॉरची नोंद करून ठेवा, शेजारच्या पिनकोडमध्ये गरज पडली तर फोन येईल. आतापर्यंत ओळखीतल्या अकरा कुत्र्यांनी, म्हणजे त्यांच्या आईबाबांनी, होकार दिलाय. त्यातला एक 24 किलोचा आहे. त्याला सध्या जादा अंडं सुरू आहे.

अॅपचं नाव विचाराल, तर अजून ठरत नाहीये. कोडवाल्याला इंग्रजी, झकास, दोन अक्षरी काहीतरी हवंय. मी 'बैलघोडा' सुचवलंय. तो हसला नाही, म्हणजे चान्स आहे.

जायचं कसं? मध्य रेल्वेवर परळ, पश्चिम रेल्वेवर प्रभादेवी, 2018 पर्यंतचं एल्फिन्स्टन रोड. तिथून पुढे शेअर टॅक्सी किंवा चालत. एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा पश्चिमेकडून जनावर घेऊन गाडीने निघाल तर वळशाचा वेळ धरा. सकाळी लवकर जा आणि निघायच्या आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा. जुने कागद, लसीचं कार्ड, दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं सोबत हवीत. कुत्र्याला पट्टा हवा, चावरा असेल तर तोंडाला जाळी. मांजर टोपलीत, टोपली नाडीने घट्ट. पाण्याची एक बाटली जास्त घ्या, शेजारी कुणीतरी असतंच.